खांबाची नस

माझ्या मल्लखांबाच्या बुडाशी पस्तीस वर्षं मीच ताक ओतत होतो. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी बायकोवर खेकसलो, सुतारावर ओरडलो, असं येईल तेव्हा खरा दोषी कोण ते तुम्हाला ठाऊक असेल.

मी मूळचा साताऱ्याकडचा. पंचविशीत मद्रासजवळच्या आवडी नावाच्या गावी कारखान्यात नोकरी लागली. निघायच्या दिवशी आमच्या तालमीतल्या वस्तादांनी दोन मल्लखांबांपैकी जुना उपटला, बुडाची माती झटकली आणि म्हणाले, "हा घेऊन जा. राहशील तिथे रोव. पोरं आपोआप येतील." बूड डांबर फासून काळंकुट्ट केलेलं, वरचं अंग एरंडेल आणि घाम पिऊन आरशासारखं झालेलं. रेल्वेच्या पार्सल डब्यातून तो खांब मद्रासला आला. मी त्याच गाडीने, पण उभ्याने आलो. खांब मात्र आडवा होऊन आला.

क्वार्टर्सजवळच्या शाळेच्या मैदानात तो रोवायचा होता, म्हणून परवानगी मागायला गेलो. तिथे गणित शिकवणारी एक बाई माझं मोडकंतोडकं तमिळ ऐकून पोट धरून हसली आणि मराठीत म्हणाली, "मराठीत बोला की, आम्हालाही येते." तंजावरकडच्या घराण्यातली. तिची मराठी माझ्या आजीची आजी बोलत असेल तसली, आणि तीही तमिळ हेल काढून. परवानगी मिळाली आणि वर्षभरात लग्नही झालं. तिच्या हसण्यात मात्र आजतागायत फरक नाही.

पोरं खरंच आपोआप आली. आधी क्वार्टर्समधली मराठी पोरं आली, मग तमिळ, तेलुगू, ओडिया. आता तर मुलीच जास्त. सगळ्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचो. खांबावर हात ठेवायला लावायचो आणि म्हणायचो, "हा एका झाडाचा आहे. अखंड साग. जोड दिलेला खांब म्हणजे दगाबाज माणूस, कधी सोडून देईल सांगता येत नाही." कमरेच्या उंचीवर एक बारीक काळसर रेघ तिरकी वर गेलेली होती, तीही दाखवायचो. "ही लाकडाची नस. अस्सल सागाची खूण." पोरी कौतुकाने त्या नसेवरून बोट फिरवायच्या.

आणि ताक? तालमीची रीतच ती. मल्लखांबाखालची माती मऊ हवी, म्हणून तांबडी माती आणायची, तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर घालून कालवायची, आणि दर शनिवारी पुन्हा ताक शिंपडायचं. आमच्या गावाकडे दुपारपर्यंत ते सुकून जातं. इथे आवडीत पावसाळ्यात हातभर खणलं की पाणी लागतं. पण हा विचार करायला डोकं लागतं, आणि मी ते वस्तादांकडे गहाण ठेवलेलं.

गेल्या पोंगलच्या सुट्टीनंतरची गोष्ट. एक मुलगी खांबावर आडवी झाली आणि बुडातून कर्र असा आवाज आला. मी तिला अलगद उतरवली, बाकीच्यांना घरी पाठवलं आणि एकट्यानेच माती उकरली. बोटं लाकडात गेली. हो, लाकडात! जमिनीच्या पातळीला खांब ओल्या पावासारखा झाला होता. मी तिथेच मांडी घालून बसलो.

मुख्याध्यापिका बाई भल्या, पण स्पष्ट. म्हणाल्या, "सर, मुलींच्या जिवाचा प्रश्न आहे. महिनाअखेरपर्यंत पक्का खांब उभा राहिला तर ठीक. नाहीतर वर्ग बंद, त्या कोपऱ्यात मी बास्केटबॉल आणते." नवा खांब मागवा, असंही सगळ्यांनी सांगितलं. मागवता आला असता. पण वस्तादांनी हातात दिलेला खांब चुलीत घालून त्याच खड्ड्यात परका खांब रोवायचा आणि त्याला नमस्कार करून रोज पोरींना त्यावर चढवायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. हा खांब गेला तर माझं शिकवणंही संपलं, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि वस्ताद अजून आहेत. नव्वदीला टेकलेत. दर रविवारी फोनवर माझी चौकशी नंतर करतात, आधी खांबाची. दोन रविवार मी त्यांना "ठणठणीत आहे" म्हणून चक्क थापा मारल्या.

"जोड देऊन घ्या," आमची ही म्हणाली.

"जोड? मल्लखांबाला? वेड लागलंय का तुला?"

"का? माझ्या दाताला दिला डॉक्टरने. जेवतेच आहे की मी."

मी ताडकन उठून बाहेर गेलो. तोवर हिने शाळेच्या शिपायाच्या थोरल्या भावाला निरोपही धाडला होता. तो काशिमेडुच्या बंदरात जन्मभर लाकडी नावा बांधणारा आसारी. सुताराला इथे आसारी म्हणतात. आता नावा फायबरच्या झाल्या, त्यामुळे त्यांच्या हाताला काम कमी आणि मन अजून कामावर.

आसारी आले ते एका खताच्या गोणीत हत्यारं घालून. सत्तरीचे असतील, काटकुळे, लुंगी गुडघ्यावर दुमडलेली. मी फक्त "बघायला" परवानगी दिली होती, तीही नाक मुरडून. चार गडी लावून आम्ही खांब उपटला आणि दोन ओंडक्यांवर आडवा टाकला. आसारींनी पटाशीच्या मुठीने बुडापासून टोकापर्यंत टकटक करत ऐकलं. मग कुजलेला भाग चिमटीत चुरगळून हुंगला.

"हा साग नाही, सार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय बोलताय? अस्सल साग आहे! माझ्या वस्तादांचा खांब आहे!"

त्यांनी वरच्या अंगाला नखाने जरासं खरवडून हुंगलं. "हा साग. खालचा नाही." आणि अगदी शांतपणे विचारलं, "मातीला आंबट वास का येतो?"

हिने उत्साहाने सगळं सांगितलं. ताक, हळद, लिंबू, दर शनिवार. आसारी आधी गंभीरपणे ऐकत होते, मग खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावून हसायला लागले. "सार, आम्ही नाव पाण्यातून ओढून वाळवतो, तुम्ही कोरड्यावरचं लाकूड भिजवलं. वर आणि ताक पाजलं!"

हीसुद्धा हसली. मी कोणाकडेच बघितलं नाही.

मग त्यांनी काम समजावलं. कुजलेलं काढून टाकायचं आणि नवं बूड जोडायचं. पण लाकडावर लाकूड नुसतं टेकवून जोड होत नाही. दोन्ही तोंडं लांब तिरपी कापायची आणि दोन हात एकमेकांवर निजवावेत तशी निजवायची. लाकूड जितकं जाड, त्याच्या सहापट तरी ती उतरण लांब हवी. म्हणजे वीतभर जाड खांबाला सहा विती. त्यांनी बोटाने खांबावर खूण केली, आणि ती खूण पार माझ्या छातीच्या उंचीवर गेली.

"कुजलंय तर गुडघ्याखाली! चांगलं लाकूड कशाला कापायचं?"

"चांगलंच लाकूड जोडाला लागतं, सार. कुजक्यात जोड धरत नाही."

मला ते कळत होतं. इतकी वर्षं कारखान्यात काढली, एवढं कळणार नाही का? पण वस्तादांच्या हाताने घासलेलं ते अंग, त्यात करवत घालायची? मी खांबावर हात आडवा ठेवून उभा राहिलो आणि म्हणालो, "कापायचं नाही. जा तुम्ही." खरंच म्हणालो. सत्तरीच्या, आपल्यासाठी एवढ्या लांबून आलेल्या माणसाला.

आसारी गोणी आवरू लागले. आमची ही पुढे झाली. मला वाटलं, आता ओरडेल. ती हळूच म्हणाली, "अहो, या खांबावरून मी किती भांडले तुमच्याशी. सणवार नाही, पाहुणे नाही, सकाळ झाली की खांब. आता तो वाचवायला माणूस दाराशी आला आहे, तर तुम्हीच आडवे पडता? तीस पोरी वाट बघताहेत. पोदुम आता. पुरे."

मी हात काढला. तोंडाने मात्र 'हो' म्हणालो नाही.

करवतीआधी रेघ आखायची, रेघेआधी तेलाचा थर काढायचा. आसारींनी काचेचा एक तुकडा घेतला आणि कमरेच्या उंचीवरचं अंग खरवडायला लागले. काळ्या तुपासारखे लपके निघू लागले. पस्तीस वर्षांचा घाम तो, किती पोरांचा! मी दुसरीकडे तोंड फिरवून बसलो. मग खरवडण्याचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं. आसारी चष्मा कपाळावर चढवून खांबाला नाक लावून बसले होते.

"सार, इकडे या."

त्यांनी माझं बोट धरलं आणि त्या नसेवर ठेवलं. पोरींना दाखवायचो तीच नस. "ही वर जाते. बघा. इथे थांबते, आडवी एक पायरी घेते, आणि पुन्हा वर जाते. आता पलीकडून बघा. तिकडेही तशीच, त्याच उंचीवर, तीच पायरी. झाडाची नस अशी मोजून चालत नाही." मग पायरीपाशी साफ केलेला एक इंचभर चौकोन दाखवला, त्याच्या आसपास सुपारीएवढे चार गोल. "ही पाचर. हे खुंटे, लाकडाचेच. एक खिळा नाही. सार, तुमच्या खांबाला आधीच जोड आहे."

मी दोन्ही बाजूंच्या नसेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. ही खाली वाकून बघत होती.

आसारींनी एक बोथट खुंटी त्या चौकोनावर टेकवली आणि लाकडी हातोड्याने दोन टोले दिले, जोराचे नव्हेत, दार ठोठावावं तसे. पलीकडून पाचर अर्धा इंच बाहेर आली. आणखी दोन टोले, आणि ती मातीत पडली. खुंटे गिरमिटाने पोखरून काढले. मग आम्ही दोघांनी दोन्ही टोकं धरून जरा हिसका दिला, आणि माझा अखंड, एका झाडाचा, पस्तीस वर्षं पोरांना शपथेवर सांगितलेला खांब दोन तुकडे होऊन उघडला.

आत काय होतं म्हणून सांगू! बाहेर सगळं काळं, आणि आत लाकूड कालच रंधा मारलेलं असावं तसं पिवळंधमक. सहा वितींची उतरण, मधोमध पायरी, पायरीत पाचरीचं घर. पटाशीचा एकेक घाव दिसत होता, शेजारी शेजारी, कुठे वाकडा नाही, कुठे दुसऱ्यांदा मारलेला नाही. एका कोपऱ्यात दोन बारीक ओरखडे खुणेचे, समोरच्या तुकड्यावर तसेच दोन. ओल तिथवर पोचलीच नव्हती. खालचा तुकडा बाभळीचा होता, हे आता मलाही दिसलं. तोच कुजला होता. वरच्या सागाला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

आसारींनी गोणीवर हत्यार ठेवलं आणि त्या उघड्या लाकडाला हात जोडले. "कोण होता हा?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. "माझ्यापेक्षा मोठा आसारी. बघा, पाचर डिंकाने चिकटवली नाही. पुढे कधीतरी कोणीतरी उघडेल, हे त्याला ठाऊक होतं. त्याने माझं काम करून ठेवलं. आता कापायचं काही नाही, सार. मी फक्त खालचा भाग नवा करतो, याच्या मापाचा."

मी त्यांची माफी मागितली. सगळ्यांसमोर. ते म्हणाले, "आधी चहा सांगा."

नव्या बुडासाठी त्यांनी एका मोडीत निघालेल्या नावेचा कणा आणला. इलुप्पैचं लाकूड, म्हणजे आपला मोह. मी सवयीने म्हणालोच, "सागाला सागच हवा ना?" त्यावर त्यांनी त्या लाकडावर थाप मारली. "हे वीस वर्षं समुद्रात होतं. तुमचं ताक याला काय करणार?"

पुढचे तीन दिवस मी त्यांच्याशेजारी बसून काढले. असं काम मी कारखान्यात यंत्रावर पाहिलं आहे, माणसाच्या हातावर नाही. नवी उतरण ढोबळ कापून झाली की ते जुन्या सागाच्या तोंडाला समईची काजळी फासत. काजळी आमची ही करून द्यायची, वाटी उपडी धरून. मग दोन्ही तोंडं एकमेकांवर टेकवायची आणि उचलायची. नव्या लाकडावर जिथे काळा डाग उमटेल तिथे उंचवटा. तेवढाच पटाशीने काढायचा, तोही कागदाएवढा. पुन्हा टेकवायचं, पुन्हा उचलायचं. पहिल्या दिवशी चार-पाच डाग पडत होते. दुसऱ्या दिवशी पन्नास. तिसऱ्या दिवशी दुपारी उचललं तर सगळं तोंड एकसारखं काळं. म्हणजे तसूभर जागासुद्धा दुसऱ्या लाकडाला लागल्याशिवाय राहिली नव्हती. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. आसारींनी मात्र आणखी एकदा टेकवून पाहिलं.

शेवटी नावेला लावतात तसलं राळेचं लुकण त्यांनी पातळ फासलं. "हे पाणी अडवायला," म्हणाले, "ताकद लाकडाची." खुंटे बसवले, पाचर ठोकली, आणि वरून असं काही घासलं की पिवळं कुठे संपतं आणि तांबूस कुठे सुरू होतं एवढंच दिसावं, हाताला काही लागू नये. खड्ड्यात विटांचे तुकडे आणि खडी घालून घेतली. आणि जाताना हिला बजावलं, "अम्मा, यांना ताकाच्या भांड्याला हात लावू देऊ नका."

राहिला होता रविवारचा फोन. वस्तादांना कमी ऐकू येतं, त्यामुळे जे तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं ते मला मैदानभर ओरडून सांगावं लागलं.

"वस्ताद, खांबाचं बूड कुजलं!"

"काय?"

"बूड! कुजलं! जोड द्यावा लागला!"

आता शिव्या येणार म्हणून मी फोन कानापासून लांब धरला, साठी ओलांडल्यावरही. मग खरखरीत हसू ऐकू आलं. "ताक घालत होतास ना लेका?"

"तुम्हीच शिकवलंत!"

"मग माझंही कुजलं होतं की! तू तालमीत यायच्या आधी. गावातल्या सुतारानं बाभळीचं बूड बसवून दिलं. काय हात होता त्याचा! बघितलास का जोड?"

"बघितला. पण वस्ताद, निदान ताकाचं तरी सांगायचं!"

"ते माझ्या वस्तादांनी शिकवलेलं. मोडवेना रे."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. पण एक गोष्ट मनात सलत होती, ती विचारलीच. "पण खांबाला जोड आहे हे मला का नाही सांगितलं? इतकी वर्षं मी पोरांना अखंड म्हणून सांगतोय."

वस्तादांचा आवाज खाली आला, पण शब्द नीट ऐकू आले. "नऊ वर्षांचा होतास. खांबाला बघून थरथरायचास. सांगितलं असतं, तर चढला असतास का?"

नसतो चढलो. आणि चढलो नसतो तर आवडी नाही, ही शाळा नाही, ही बायको नाही, या पोरी नाहीत. माझं सगळं आयुष्य त्या जोडावर उभं होतं आणि मी पस्तीस वर्षं जोडाला शिव्या देत होतो.

महिना संपायच्या आदल्या सकाळी खांब उभा राहिला. मुख्याध्यापिका बाई आल्या. आसारी शर्ट घालून आले होते. मी पोरींना रांगेत उभं केलं आणि एकेकीचा हात धरून जोडावर ठेवला. "ही नस नाही. मी चुकीचं सांगत होतो. हा जोड आहे. वरचं लाकूड एका झाडाचं, खालचं दुसऱ्याचं. वरचं काम एका सुताराचं, खालचं यांचं. जिला चढायचं नसेल तिने चढू नये." कोणी हलेना. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मग मी चपला काढल्या. गेली सहा वर्षं गुडघ्यामुळे मी खांबाला फक्त नमस्कार करतो. ही मागून "अय्यो, अहो!" म्हणून ओरडली, पण तोवर मी हातांनी खांब कवटाळला होता. एक पकड, दुसरी पकड. मांड्यांच्या मध्ये तो जोड आला तेव्हा मी मुद्दामच अंग मागे टाकलं, सगळं वजन त्याच्यावर सोडून. खांब हूं की चूं करीना. मी तिथेच, जमिनीपासून चार हातांवर, खांबाला गाल लावून राहिलो. वस्ताद आठवले, तो बाभळीवाला सुतार आठवला ज्याचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. आणि खाली सगळे बघत असताना मला हुंदका आला. आवरेचना.

खालून आमच्या हिचा आवाज आला, "रडायचं असेल तर खाली येऊन रडा. पोरी खोळंबल्यात."